काळ्या मातीतील हिरवळीची कड : चोपड्यातील एका घराचा प्रकरण अभ्यास

जळगाव जिल्ह्यातील चोपडा शहराच्या कडेने वाढत गेलेल्या एका वसाहतीत, जिथे पूर्वी कापूस आणि केळी उभी असे त्या जमिनीवर, एका बागायतदार कुटुंबाने घर बांधले. त्या घरापुढील हिरवळीच्या कडांचे हे प्रकरण आहे. हिरवळ सुमारे ९०० चौरस फुटांची आहे. तिच्या पूर्वेला फाटकापासून पोर्चपर्यंत गाडी आत घेण्याचा पेव्हर ब्लॉकचा रस्ता आहे, मधून व्हरांड्याकडे जाणारी शहाबादी फरशांची पायवाट आहे, आणि पश्चिम व दक्षिण अंगांना गुलाब, मोगरा आणि जास्वंदीचे वाफे आहेत. घर बांधले त्याच वर्षी मार्च महिन्यात गाडीरस्त्याच्या आणि वाफ्यांच्या कडेने तिरप्या विटांची दातेरी ओळ सिमेंटमध्ये बसवून तिला गेरू व चुन्याचे आलटून-पालटून पट्टे देण्यात आले होते. जुन्या विश्रामगृहांच्या बागांमध्ये असते तशी ही कड घरातील वडीलधाऱ्यांना, ज्यांना सगळे नाना म्हणतात त्यांना, मनापासून आवडत असे, आणि पहिले दोन महिने ती दिसलीही सुरेख.

दीड वर्षाने, दसऱ्याच्या सुमारास, मला तेथे बोलावण्यात आले तेव्हा त्या ओळीचे दात पडलेल्या जबड्यासारखे रूप झाले होते. गाडीरस्त्याकडील ३४ फुटांच्या ओळीला नऊ ठिकाणी आरपार भेगा होत्या आणि मधला भाग हिरवळीच्या बाजूने वर उचलला जाऊन रस्त्याकडे कलला होता. त्या कलण्याने कडेच्या पेव्हर ब्लॉकांची रांगही सरकली होती आणि सांध्यांतून गवत उगवले होते. वाफ्यांकडील ५८ फुटांच्या ओळीत विटा जागच्या जागी दिसत होत्या, परंतु त्यांच्या फटींतून आणि खालून हरळी पलीकडे जाऊन गुलाबांच्या बुंध्यांशी पोहोचली होती. पायवाटेच्या फरशा गवताने इतक्या गिळल्या होत्या की दोन फरशा मला पायाने चाचपून शोधाव्या लागल्या. घरातील वहिनींची तक्रार वाफ्यांबद्दल होती, नानांची विटांबद्दल होती, आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या आप्पा माळ्यांची, त्यांनी बोलून दाखवली नसली तरी, कमरेबद्दल होती. कारण विटांच्या कडेला गवत कापण्याचे यंत्र पोहोचत नसल्यामुळे ते सगळे गवत त्यांना उकिडवे बसून विळ्याने कापावे लागत असे.

कुटुंबाचा प्रस्ताव असा होता की विटा काढून त्याच जागी अधिक जाड, अधिक खोल आणि लोखंडी सळया घातलेली सिमेंटची कड करावी. मी त्यास नकार दिला, आणि तो का दिला हे समजण्यासाठी आधी मूळची कड कशामुळे मोडली ते पाहणे आवश्यक आहे.

कड कशामुळे मोडली

पहिल्या दिवशी विटांची ओळ पाहत असताना आप्पा एवढेच म्हणाले, "दादा, हाई काई माती शे, उन्हायामा फाटस, पावसायामा फुगस." (ही काळी माती आहे, उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते.) या वाक्यात या प्रकरणाचे निदान जवळजवळ संपूर्ण आले होते, आणि विटा बसवताना त्यांना कोणी विचारले नव्हते याची मला आजही हळहळ वाटते.

तापीच्या खोऱ्यातील ही खोल काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली आहे आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट या प्रकारच्या चिकणखनिजाचे प्रमाण फार असते. या खनिजाच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी निघून गेले की आकसते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा मोकळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जुलैमध्ये त्याच भेगा मिटून जमीन वर येते. शेतात याने काही बिघडत नाही, उलट माती आपोआप खालीवर होते. मात्र तिच्यावर सिमेंटने एकसंध जोडलेली ओळ ठेवली तर ती ओळ वाकू शकत नाही, म्हणून तुटते.

एवढ्याने मात्र ती रस्त्याकडेच का कलली याचा उलगडा होत नव्हता. वाफ्यांकडील विटा त्याच मातीवर, त्याच गवंड्याने, त्याच पद्धतीने बसवलेल्या असून बऱ्यापैकी सरळ होत्या. फरक पाण्याचा होता. वाफ्याच्या कडेला दोन्ही बाजूंस पाणी मिळते. हिरवळीला पाइपने आणि गुलाबांना ठिबकने. त्यामुळे विटेच्या दोन्ही अंगांची माती थोड्याफार फरकाने सारखीच फुगते आणि सारखीच आकसते. गाडीरस्त्याकडे मात्र एका अंगाला उन्हाळ्यात दिवसाआड भिजणारी हिरवळ आणि दुसऱ्या अंगाला पेव्हरखाली झाकलेली, जवळजवळ कोरडी माती अशी स्थिती होती. ओले अंग फुगत राहिले, कोरडे अंग जागेवर राहिले, आणि विटांची ओळ या दोहोंच्या मधोमध उभी असल्यामुळे ओल्या बाजूने उचलली जाऊन कोरड्या बाजूवर कलली. मी दोन ठिकाणी पहारेने दीड फूट खोल खड्डे घेऊन पाहिले, तेव्हा हिरवळीकडची माती हातात लाडू वळावा अशी आणि फूटभर अंतरावरची पेव्हरखालची माती ढेकळासारखी निघाली. जाड सिमेंटची कड घातली असती तर तिलाही याच ताणाला तोंड द्यावे लागले असते. ती कदाचित तीन वर्षे अधिक टिकली असती, आणि मोडली असती तेव्हा काढण्यास अधिक जड गेली असती.

विटांच्या ओळीने आणखी एक नुकसान केले होते, जे कोणाच्या लक्षात आले नव्हते. अंगणाचा उतार हिरवळीकडून गाडीरस्त्याकडे आणि तिथून फाटकाजवळच्या गटारीकडे होता. चार इंच उंच उभ्या राहिलेल्या विटांनी तो अडवला. पावसाळ्यात हिरवळीच्या पूर्वेकडील दोन-अडीच फुटांच्या पट्ट्यात पाणी साचून राहत असे, तेथील गवत पिवळे पडून विरळ होत असे आणि त्या मोकळ्या जागेत लव्हाळा माजत असे. वहिनींनी दोन वेळा तेथे नवे गवत लावून घेतले होते. ते मेले तेव्हा दोष रोपवाटिकेच्या मालाला देण्यात आला होता, जो मला अन्यायाचा वाटतो.

गवत कसे चालून जाते

ही हिरवळ हरळीच्याच जातीची आहे. रोपवाटिकांमध्ये 'सिलेक्शन नंबर एक' या नावाने मिळणारे, बारीक पानाचे आणि उन्हाला काटक गवत. आपल्याकडच्या उन्हात कोरियन गवतापेक्षा ते अधिक खात्रीने तग धरते, म्हणून त्याची निवड योग्यच होती. परंतु हरळीचा स्वभाव त्याच्यात पूर्ण आहे. ते दोन वाटांनी पसरते. जमिनीवरून धावणाऱ्या खोडाला पेऱ्यापेऱ्यावर मुळे फुटतात, आणि जमिनीखालून जाणारी पांढरी, टोकदार खोडे अडथळा आला की त्याच्या खालून किंवा फटीतून वाट काढतात. जमिनीखालच्या खोडांपैकी बहुतेक वरच्या चार-सहा इंचांत असतात. दातेरी विट जमिनीत जेमतेम चार इंच गेलेली होती आणि दोन तिरप्या विटांमध्ये त्रिकोणी फट असतेच, त्यामुळे गवताला वरूनही वाट होती आणि खालूनही. शिवाय फिरत्या पात्याच्या यंत्राचे पाते त्याच्या झाकणाच्या आत असते, म्हणून उभ्या विटेलगतचे दोन-तीन इंच गवत कापले जात नाही. ते उंच वाढते, विटेवर रेलते आणि धावते खोड पलीकडच्या वाफ्यात टेकवते. कड म्हणून उभारलेली वस्तूच गवताला पलीकडे जाण्यास आधार देत होती.

हे नानांना पटवण्यासाठी मला फार बोलावे लागले नाही. त्यांनी आयुष्यभर केळीच्या शेतात बांधावरची हरळी आत येऊ दिली नव्हती. बांध उंच केल्याने हरळी थांबत नाही. बांधाच्या कडेने दरवर्षी कुदळ चालवावी लागते, निघालेल्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडे, वेचून उन्हात टाकाव्या लागतात, आणि उन्हाळी नांगरट करून उरलेल्या काशांना वैशाखाचे ऊन दाखवावे लागते, हे त्यांनीच मला सांगितले. मी फक्त एवढे म्हणालो की अंगणातही तेच करायचे आहे. त्यानंतर त्यांनी सळयांचा विषय काढला नाही. गेरू-चुन्याच्या विटा मात्र पूर्णपणे जाऊ नयेत असे त्यांना वाटत होते, आणि ती इच्छा मोडण्याचे मला काही कारण दिसले नाही. त्याविषयी पुढे येईल.

ठरले ते असे की तिन्ही कडांना एकच उपाय लावायचा नाही. गाडीरस्त्याला टणक परंतु तुकड्यातुकड्यांची कड, वाफ्यांना केवळ मातीत कापलेला चर, आणि पायवाटेच्या फरशांना नव्याने बसवून भोवतीचे गवत उभे कापून ठेवणे.

हत्यार आणि वाफसा

कड कापण्यासाठी लांब दांड्याचे, अर्धचंद्राकृती, सरळ खाली दाबता येणारे पाते लागते. चोपड्याच्या बाजारात ते मिळाले नाही. गावातील लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद तापवून सुमारे नऊ इंच रुंदीचे पाते घडवले, त्याच्या वरच्या काठावर पाय ठेवण्यास दोन्हीकडे बोटभर रुंद पट्टी जोडली आणि बाभळीचा दांडा बसवला. फावड्याने हे काम होत नाही असे नाही, परंतु फावड्याचे पाते खोलगट असल्यामुळे प्रत्येक घावाला थोडी गोलाई येते आणि दहा फुटांनंतर कड लाटांसारखी दिसू लागते. नायलॉन दोरीचे ब्रश कटर उभे धरून कड कापण्याची पद्धतही अलीकडे दिसते. मी ती या घरी नाकारली, कारण दोरी मातीला खरवडून कड आत-आत नेते, खडे उडून उभ्या गाडीच्या काचेला लागतात, आणि वाफ्यातील झाडाच्या बुंध्याला एकदा तिचा वेढा बसला की साल सोलली जाते.

हत्याराहून महत्त्वाची गोष्ट वेळेची होती. काळी माती ओली असताना पाते खाली जाते खरे, पण वर येताना किलोभर चिखल घेऊन येते आणि कापलेली बाजू लिंपल्यासारखी गुळगुळीत होऊन पुढे कडक होते. कोरडी असताना पाते दोन इंचही जात नाही. वाफसा असेल, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशी असेल, तेव्हा मात्र ताटात थापलेली वडी पडावी तशी ती कापली जाते. पावसाळा संपल्यानंतर जमीन हळूहळू वाफशावर येते, म्हणून वाफ्यांचे काम आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात धरले. उन्हाळ्यात हेच काम करावयाचे झाल्यास दोन दिवस आधी कडेने सावकाश पाणी सोडावे आणि मूठभर माती दाबली असता गोळा व्हावी, टिचकी मारली असता फुटावी, अशी अवस्था येईपर्यंत थांबावे.

आणखी एक पूर्वतयारी राहून गेली आणि तिचा फटका बसला. वाफ्यांतील ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कडेपासून वीतभर आत असावी असे आम्ही गृहीत धरले होते, पण एके ठिकाणी ती नेमकी कडेखालून नेलेली होती आणि पात्याखाली सापडली. नळी जॉइनर लावून पाच मिनिटांत जोडली गेली. त्यानंतर मात्र आम्ही काम थांबवून अंगणातील दिव्यांची वायर कुठून जाते हे विटा उकलून पाहिले, आणि ती गाडीरस्त्याच्या कडेने अवघ्या सहा इंच खोलीवर साध्या नळीतून जात असल्याचे आढळले. ती नळीऐवजी वायर असती तर काय झाले असते हा विचार मनातून लवकर गेला नाही. कड कापण्याआधी अंगणातील दिव्यांचा मेन स्विच बंद करणे आणि वायरीचा मार्ग खुंट्या ठोकून दाखवणे ही पायरी मी तेव्हापासून कधीही सोडलेली नाही.

गाडीरस्त्याची कड

विटा पहारेने उकलताना हातमोजे आणि बूट सक्तीचे केले होते, आणि ते बरे झाले, कारण तीन फटींत विंचू निघाले. विटा काढल्यावर एक फूट रुंद आणि सव्वा फूट खोल चर संपूर्ण ३४ फुटांत खणला, त्यातील काळी माती काढून टाकली आणि चार-चार इंचांच्या थरांनी मुरूम भरून, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकला. सुमारे अर्धा ब्रास, म्हणजे पन्नास घनफूट, मुरूम लागला. काळी माती हटवून मुरूम भरण्याचा हेतू उघड आहे : मुरूम फुगत नाही. परंतु त्यात एक धोका आहे जो बरेच गवंडी लक्षात घेत नाहीत. चिकण मातीत खणलेला मुरुमाचा चर दोन्ही टोकांना बंद असेल तर तो पाण्याची टाकी होतो, आजूबाजूच्या काळ्या मातीला महिनोन्‌महिने ओली ठेवतो आणि ज्या फुगण्यापासून सुटका करून घ्यायची तेच वाढवतो. म्हणून चराच्या तळाला पोर्चकडून फाटकाकडे दर दहा फुटांना एक इंच असा उतार दिला आणि फाटकाजवळचे टोक खडी भरून गटारीत मोकळे केले.

त्यावर दीड-दीड फूट लांबीचे सिमेंटचे तयार कडदगड बसवले. ते एकमेकांना सिमेंटने जोडले नाहीत. मधे करंगळीच्या नखाएवढी फट ठेवून ती वाळूने भरली. पेव्हर ब्लॉक बाजूला सरकू नयेत यासाठी कडदगडांना हिरवळीच्या अंगाने, जमिनीखाली, हलक्या काँक्रीटची पाचर दिली, पण तीही प्रत्येक दगडापाशी वेगळी. माती हललीच तर एखादा दगड दोन-चार मिलिमीटर हलेल आणि तेवढाच काढून पुन्हा बसवता येईल. दगडांचा माथा पेव्हरच्या पातळीशी एकसमान ठेवला, जेणेकरून यंत्राचे एक चाक त्यावरून चालेल आणि पाते गवताच्या शेवटच्या काडीपर्यंत पोहोचेल.

हिरवळीची माती दगडाच्या माथ्यापासून पाऊण इंच खाली ठेवली. हा पाऊण इंच पुढच्या काळासाठी आहे. आपल्याकडे दरवर्षी हिरवळीवर शेणखत आणि लाल माती पसरण्याची पद्धत आहे, शिवाय कापलेल्या गवताचा थर खाली बसतो, आणि त्यामुळे हिरवळीची पातळी वर्षागणिक चढत जाते. सुरुवातीलाच माती काठोकाठ भरली तर तीन वर्षांत गवत दगडावर चढून बसते आणि पाणी पुन्हा अडते. या घरी तर दीड वर्षातच माती जवळपास एक इंच चढलेली होती, कारण पिवळ्या पट्ट्याला खत कमी पडत असावे या समजुतीने तेथे दोनदा अधिकचा थर देण्यात आला होता.

वाफ्यांचा चर, आणि माझी चूक

वाफ्यांची जुनी कड नागमोडी होती, आणि काही वळणे इतकी आवळ होती की यंत्र तेथे मागेपुढे करावे लागे. नवी रेषा ठरवण्यासाठी पाण्याचा पाइप तासभर उन्हात टाकून मऊ केला, तो जमिनीवर अंथरला आणि त्याच्या कडेने बंद यंत्र ढकलून पाहिले. ज्या वळणावर ते न थांबता गेले नाही ते वळण सैल केले. मग व्हरांड्यातील झोपाळ्यावर बसून वहिनींनी ती रेषा पाहिली, दोन ठिकाणी हातभर सरकवायला सांगितली, आणि त्यानंतरच फक्की टाकली. ज्या जागेवरून बाग रोज पाहिली जाते तिथूनच रेषा ठरवावी.

चराची रचना साधी असते. हिरवळीच्या बाजूने सरळ उभा काप, आणि वाफ्याच्या बाजूने तळापासून वर येणारा मंद उतार. उभ्या कापापाशी पोहोचलेले धावते खोड हवेत लोंबते, त्याला मुळे फुटायला माती मिळत नाही, आणि खालून आलेले पांढरे टोक उजेडात बाहेर पडल्यामुळे दिसते व कापता येते. निघालेल्या काशा आप्पांनी गच्चीवर पसरून आठवडाभर पूर्ण वाळवल्या. त्या ओल्या असताना शेणखताच्या खड्ड्यात टाकल्या असत्या तर पुढच्या वर्षी खतावाटे सगळ्या बागेत परतल्या असत्या. गवताच्या चांगल्या वड्या पूर्वेकडील उघड्या पट्ट्यावर लावण्यास वापरल्या, मात्र ज्या वडीत लव्हाळ्याची एक जरी गाठ दिसली ती सरळ फेकून दिली. लव्हाळ्याला चर रोखू शकत नाही. त्याच्या गाठी चराच्या तळाखालूनही असतात आणि त्या खुरप्याने एकेक काढण्याला पर्याय नाही.

चूक झाली ती खोलीत. हरळीला पक्का अटकाव करण्याच्या भरात मी उभा काप आठ इंच ठेवायला सांगितला. हिवाळाभर तो देखणा दिसला. मार्चच्या अखेरीस उन्हे तापू लागली तशी कापाच्या उघड्या बाजूने हिरवळीची ओल उडून जाऊ लागली. कडेचे चार-पाच इंच गवत आधी मलूल झाले आणि मग वाळले, आणि एप्रिलमध्ये कडेपासून वीतभर अंतरावर तिला समांतर अशी भेग पडली. एके सकाळी पश्चिम बाजूची तीन फूट लांबीची कड त्या भेगेतून सुटून अख्खी चरात आडवी झाली. लाल किंवा मुरमाड जमिनीत आठ इंचांचा उभा काप उभा राहतो. काळ्या मातीत उन्हाळ्यात तो उघडा ठेवणे म्हणजे भेगेला आमंत्रण देणे होय, हे मला आधी सुचायला हवे होते. वहिनींनी एका शब्दाने दोष दिला नाही, पण वाळलेली कड रोज त्यांच्या नजरेसमोर होती याचे मला वाईट वाटत राहिले.

दुरुस्ती अशी केली. चर पालापाचोळ्याने आणि केळीच्या वाळलेल्या पानांच्या तुकड्यांनी अर्धा भरून टाकला, म्हणजे उघडी बाजू निम्मी झाकली गेली. मे संपेपर्यंत हिरवळीच्या कडेला संध्याकाळी वेगळे पाणी दिले. पडलेली कड ढेकळे फोडून मागे भरली. आणि पावसाळ्यानंतर, पुन्हा वाफशावर, संपूर्ण ५८ फुटांचा काप चार ते पाच इंच खोलीने आणि सरळ उभा न ठेवता किंचित मागे कलता, म्हणजे हिरवळीच्या अंगाने वर जाता जाता आत झुकणारा, असा नव्याने घेतला. खोली कमी केल्यामुळे खालून येणारी काही पांढरी टोके निसटतात हे खरे आहे, पण ती वाफ्याच्या उताराच्या पहिल्या वीतभरातच वर येतात आणि आप्पा ती खुरप्याने उचलतात. मार्चपासून जूनपर्यंत चरात पाला ठेवणे आणि पहिल्या पावसानंतर तो काढून वाफ्यात पसरणे हा आता ठरलेला क्रम आहे. पावसाळ्यात पाला तसाच राहू दिला तर हरळीला त्यावरून चालत जाण्यास पूल मिळतो.

पायवाट, आणि गेरू-चुन्याच्या विटा

पायवाटेचे काम एका दिवसाचे होते. फरशा उचलून, खाली तीन इंच मुरूम आणि एक इंच वाळू टाकून, माथा मातीच्या पातळीपेक्षा अर्धा इंच वर येईल अशा बसवल्या. प्रत्येक फरशीभोवती पाते एकदा फिरवून अंगठ्याएवढी मोकळी चीर ठेवली. पायवाटेला वेगळी कड दिलेली नाही आणि ती लागतही नाही, कारण यंत्र सरळ फरशांवरून जाते.

नानांच्या विटांपैकी धडधाकट निघालेल्या तुळशी वृंदावनाभोवती लावल्या. तेथे त्या सिमेंटशिवाय, तीन इंच वाळूवर, आडव्या आणि एकमेकींना चिकटून बसवल्या, आणि त्यांच्या बाहेरून तोच उथळ चर फिरवला. गवत अडवण्याचे काम चर करतो. विटा शोभेसाठी आहेत आणि माती फुगली की त्या थोड्या वरखाली होतात. दिवाळीच्या आधी त्या उचलून वाळू सारखी करणे आणि गेरू-चुन्याचा हात देणे हे काम नानांनी स्वतःकडे घेतले आहे. मला हा भाग बागेतला सर्वांत सुंदर वाटतो.

देखभालीचा हिशेब आणि आजची स्थिती

पावसाळ्यात, जून अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, हरळी सर्वांत वेगाने धावते तेव्हा चराची कड दर तीन आठवड्यांनी कापावी लागते. थंडीत सहा आठवड्यांनी पुरते. उन्हाळ्यात पाते लावत नाहीत. फक्त लोंबणारी खोडे कात्रीने छाटतात. मूळच्या विटांच्या काळात कडेचे गवत विळ्याने कापण्यास आप्पांना दर खेपेस दीड तास लागे. आता यंत्रानंतर पाते फिरवण्याचा दिवस असला तर पाऊण तास, नसला तर जेमतेम दहा मिनिटे लागतात, आणि हे काम उभ्याने होते. पाते दर दोन खेपांनंतर कानशीने घासून घ्यावे लागते. बोथट पाते गवताची काशी कापण्याऐवजी दाबते, आणि दाबलेली काशी पुन्हा फुटते.

नव्या कडांवरून आता दोन पावसाळे गेले आहेत. गाडीरस्त्याचे कडदगड एका रेषेत आहेत. फक्त पोर्चजवळचा एक दगड पहिल्या पावसाळ्यात बोटभर उचलला गेला. तेथे नळाखाली बादल्या भरताना पाणी सांडते आणि माती सतत ओली राहते हे कारण होते. नळाखाली फरशी टाकून सांडपाणी गटारीकडे वळवले आणि दगड पुन्हा बसवला, त्यानंतर तो हललेला नाही. पूर्वेकडील पिवळा पट्टा भरून आला आहे आणि पाऊस थांबल्यावर तेथे पाणी उरत नाही. गुलाबांत हरळी अजूनही येते, परंतु वीतभरापलीकडे गेलेली मी पाहिलेली नाही.

एक जागा सुटलेली नाही. फाटकाच्या आत डाव्या हाताला शेवटचे सहा फूट, जेथे केळीच्या हंगामात ट्रॅक्टर वळवताना मागचे चाक हिरवळीवर चढते, तेथील दोन कडदगड दरवर्षी दबतात. दगड बदलून उपयोग नाही आणि ट्रॅक्टर बाहेर ठेवणे कुटुंबाला शक्य नाही. येत्या नोव्हेंबरमध्ये वाफसा आला की त्या कोपऱ्यातील गवत काढून टाकायचे, गाडीरस्ता तेवढा रुंद करायचा आणि कड चाकाच्या वळणामागे नेऊन पुन्हा बसवायची, असे नानांशी बोलून ठरले आहे. त्यासाठीच्या खुंट्या आप्पांनी ट्रॅक्टरच्या चाकोरीवरून मोजून आधीच ठोकून ठेवल्या आहेत.